गोळी उतरते तेव्हा

१८ ऑगस्ट २०१७, शुक्रवार

नागपूरच्या डॉक्टर मधुवंतीबाईंचा हुकूम आहे, गोळी सुरू केल्यापासून रोजचं लिहायचं. भूक, झोप, छातीची धडधड, राग. मी म्हटलं, बाई, बारावी सुटल्यापासून मी सलग एक पान लिहिलेलं नाही. त्या म्हणाल्या, म्हणूनच लिहा. डॉक्टर लोकांशी बोलण्यात जिंकता येत नाही.

आजाराचं नाव इंग्रजी चार अक्षरांचं आहे. अर्थ असा की लक्ष एका जागी बसत नाही, हात आवरत नाही आणि हे लहानपणापासूनचं आहे. म्हणजे आयुष्यभर अर्ध्या बाभुळगाव तालुक्यानं ज्याच्यासाठी मला शिव्या घातल्या, त्याला इलाज होता! पॉलिटेक्निक अर्धं सोडलं, डेअरी अर्धी सोडली, विहिरीचं खोदकाम अर्धं सोडलं. पुरी केली ती फक्त भांडणं.

मागच्या महिन्यात मी मिक्सर भिंतीवर फेकला. कशावरून ते आठवत नाही, बहुतेक बायकोनं, वैष्णवीनं, एकच गोष्ट दोनदा विचारली. तो वैष्णवीच्या कानाजवळून गेला. त्याच दिवशी ती नेरला माहेरी निघून गेली. फोनवर तिचं एकच म्हणणं आहे. "दिवाळीपर्यंत कोणाच्या बी अंगावर हात टाकला नाही, तर येईन. टाकला, तर फराळ तुम्ही न् तुमचा राग मिळून खा."

एक गोळी सकाळी नाश्ता करून, एक दुपारी जेवून. संध्याकाळी नाही. चहा कमी, आणि सुरुवातीचे काही आठवडे उन्हात दगदग नाही, कारण छातीवर ताण येतो. घरी येऊन हे सांगितलं तर धाकटा भाऊ अंकुर म्हणतो, "म्हंजे यंदाचा सारा फवारा मलेच मारा लागते. वा रे बिमारी!"

२० ऑगस्ट, रविवार

लागली. एरवी डोक्यात आठवडी बाजार भरलेला असतो, आज गोळीनं तो उठवला. विहिरीवरची मोटर खोलली, साफ केली आणि परत जोडलीसुद्धा. एकही नट उरला नाही. आई दोनदा येऊन पाहून गेली, मी खरंच मीच आहे का म्हणून.

त्रास असा. तोंड कोरडं ठणठणीत. छाती धडधडते. आईनं वांग्याची भाजी नि भाकर वाढली तर ताटाकडं पाहूनच मळमळलं. आई म्हणाली, "माह्या वांग्याले तोंड फिरवणारा मानूस आज पाह्यला." झोप पहाटेपर्यंत नाही.

अंकुर म्हणाला, "दादा, मले बी दे ना एखादी. बारा एकर एका दिवसात झोडपतो." मी म्हटलं, हात लावशील तर हात तोडीन. तो हसला. पोरगा कुस्ती खेळलेला आहे. तोडायच्या गोष्टी मी बोलतो, तोडू शकतो तो.

२१ ऑगस्ट, पोळा

आमच्या गावात तोरणाखालून पहिली जोडी कोणाची जाणार, यावर डोकी फुटतात. यंदा मान आमचा होता आणि गावातल्या बाबारावनं आपली जोडी पुढं घुसवली. वर म्हणतो, "बायको पयाली तुही, अन् मान मांगतं?"

एरवी त्याचे पुढचे दात मी तिथंच त्याच्या हातात दिले असते. आज शब्द कानात गेले आणि तिथंच राहिले. हात खालीच. मग बाकीच्यांनीच सुरू केलं. कासरे, काठ्या, तोरणाचा बांबू, जे मिळेल ते. बाबारावच्या पुतण्याचं डोकं फुटून रक्त बैलाच्या झुलीवर सांडलं. बायका पोरांना उचलून पळत सुटल्या. मी दोन्ही बैलांचे कासरे धरून मधोमध उभा. अंकुर एकाला खाली पाडून वरून ओरडतो, "दादा, उभा हायस का मेलास?"

मला इतकं बरं वाटलं की डोळ्यात पाणी आलं. वाटलं, वैष्णवी इथं असायला हवी होती.

हे दुपारचं झालं. दिवस कलला आणि गोळी उतरायला लागली. ती उतरताना काय होतं ते बाईंनी सांगितलं होतं, पण सांगितलेलं वेगळं आणि अंगावर आलेलं वेगळं. दिवसभर बाहेर थांबवून ठेवलेलं सगळं एकदम आत घुसलं. बाबारावचं वाक्यसुद्धा तेव्हाच ऐकू आलं. तेवढ्यात गोठ्यात शिरताना बैलानं माझ्या पायावर पाय दिला. मी बैल हाकायची तुतारी, खिळ्याची काठी, उचलली आणि हाणत सुटलो, पाठीवर, तोंडावर, शिंगांच्या बेगडावर.

अंकुरनं तुतारी हिसकली, मला उचलून शेणखताच्या ढिगावर आपटलं आणि छातीवर बसला. "पोयाच्या दिवशी बैलाले मारतं? पोयाच्या दिवशी?" तो रडत होता. या दिवशी कसाईसुद्धा बैलावर काठी उचलत नाही.

बैलावरचा हात वैष्णवीच्या अटीत येतो का, हे मी तिला विचारलेलं नाही.

२४ ऑगस्ट, गुरुवार

बाईंना फोन केला. म्हणाल्या, गोळी उतरताना काहींची चिडचिड उसळते. वेळ पाळा, पोटात काहीतरी असू द्या, आणि दिवस कलला की माणसांत बसू नका. आठवडाभर असंच राहिलं तर गोळी बदलू, कळवा.

आज खळ्यावर एकटाच बसलो. आमच्या कुंपणाच्या तारेत रानडुक्कर अडकलं होतं. त्याला संपवायला मला फार वेळ लागला, आणि गरज होती त्याहून जास्त वेळ मी हाणत राहिलो. पण डुक्कर माणसांत मोजत नाहीत.

२९ ऑगस्ट, मंगळवार

सकाळची घेतली की नाही आठवेना. नसली घेतली तर दिवस वाया, म्हणून घेऊन टाकली.

काय दिवस गेला! खळं सारवलं, बैलबंडीचं चाक बसवलं, डेअरीचा जुना कचरा जाळला. छाती मात्र जिनिंगच्या यंत्रासारखी. संध्याकाळी वैष्णवीला हे सगळं सांगायला फोन लावला तर रेंज नाही. पुन्हा लावला, नाही. फोन दगडावर ठेवला आणि विटेनं ठेचला. पार चुरा होईपर्यंत. आता आईच्या फोनवरून बोलावं लागेल. बाईंना कळवायचं त्यात राहूनच गेलं.

३ सप्टेंबर, रविवार

यंदा कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली आहे. आत शिरलं की वरून आभाळाची फटसुद्धा दिसत नाही. बोंडं फोडून पाहिली, अळी आहे. पाच बोंडं चिरडली, पाचांत निघाली.

आता मला नियोजन जमतं. मी ठरवलं की आठवड्यात सगळं वावर फवारून काढायचं. दुकानदारानं सांगितल्याप्रमाणे तीन बाटल्या एकत्र कालवून देतो मी, पाठीवर चायना पंप घेऊन आत जातो अंकुर. पंपाचा मारा जबरदस्त आहे. वरच्या पानांवर फवारलेलं त्याच्याच अंगावर ठिबकतं, बनियन ओलं होऊन हिरवट पडतं. दुपारी म्हणाला, "दादा, जरा दम घेतो, जेवतो." मी म्हटलं, मी सकाळपासून उपाशी आहे, मी काही मेलो का? त्यानं पंप उचलला आणि गेला. पूर्वी असं बोललो असतो तर पंप माझ्या डोक्यात घातला असता. माणूस शिस्तीत राहिला की घर त्याचं ऐकतं.

७ सप्टेंबर, गुरुवार

अंकुर जेवत नाही. डोकं धरून बसतो. चहाची कपबशी हातात वाजत होती, अर्धा चहा मांडीवर सांडला. आई म्हणते ऊन लागलं. कांदा फोडून तळपायाला चोळते आहे.

मला ही लक्षणं पाठ आहेत. भूक जाणं, डोकं दुखणं, हात थरथरणं. आजच सकाळी (सकाळची घेतली की नाही आठवेना म्हणून) डबा उघडला आणि गोळ्यांचा पत्ता पाहिला. असायला हव्यात त्यापेक्षा गोळ्या बऱ्याच कमी आहेत. घरात माणसं तीन. आई तर डोकेदुखीची गोळीसुद्धा घेत नाही.

पांढरकवड्याकडं दोन फवारणीवाले दवाखान्यात भरती झाले म्हणे. ऊन फारच आहे यंदा.

९ सप्टेंबर, शनिवार

त्याच्यावर नजर ठेवून आहे. घामानं निथळतो. डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ, दुपट्ट्यानं सारखा पुसतो. माझं तर तोंड कोरडं पडतं, पण गोळी प्रत्येकाच्या अंगाला वेगळी लागत असेल. मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन म्हणाला, "अक्षरं दोन दोन दिसून राह्यले."

मी सरळ विचारलं. "माह्या गोळ्या तू खाऊन राह्यला का?"

त्यानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं. मग म्हणाला, "नाही." बस. अंकुर खरं बोलतो तेव्हा चार शिव्या देऊन बोलतो. इतक्या थोडक्यात बोलला म्हणजे खोटं.

ज्या गोळीवर माझा संसार उभा राहायचा आहे, ती हा खेळ म्हणून खातो. पाठच्या भावानं असं करावं?

११ सप्टेंबर, सोमवार

जे झालं ते लिहितो, कारण लिहायचं ठरलं आहे.

दिवस कलताना खळ्यावर बसायचं, तसा बसलो होतो. पंपाचा आवाज येत होता, पण एकाच जागेवरून. जाऊन पाहिलं तर पंप वावराच्या धुऱ्यावर पडून चालूच, आणि अंकुर पऱ्हाटीत फतकल मारून बसलेला. हनुवटीवरून लाळ गळते आहे आणि माझ्याकडं पाहून धड ओळखतही नाही. नशेत माणूस असाच दिसतो.

मी म्हटलं, "किती गोळ्या खाल्ल्या? बोल!"

तो काहीतरी पुटपुटला. पुन्हा विचारलं. पुन्हा पुटपुटला. दोनदा विचारूनही माणूस नीट सांगत नाही म्हणजे काय? पंपाची लोखंडी नळी उपसली आणि हाणली. खांद्यावर, पाठीवर, एक कानामागं बसली. तिथून रक्त आलं. तरी मी थांबलो नाही. मला थांबता येत होतं का? मी इमानदारीनं विचार केला. येत नव्हतं. आपण एखादी गोष्ट दुरून पाहतो तशी नळी वर जाताना आणि खाली येताना दिसत होती. आई ओरडत आली आणि माझ्या पायांना मिठी मारून पडली, तेव्हा हात थांबला.

एक गोष्ट लक्षात आली. अंकुरनं हात उचलला नाही. ज्यानं मला पोळ्याला एका हातानं ढिगावर आपटलं, तो मुकाट मार खात राहिला. चोर असल्याशिवाय कोणी असा मार खात नाही.

वैष्णवीला कळवू नको, असं आईला सांगितलं. आईनं आपला फोन पदराखाली घेतला.

१२ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी अंकुर उठेना. रात्रभर उलट्या केल्या म्हणे. अंथरूण ओलं, छातीत घरघर. जीपमध्ये टाकून बाभुळगावला नेलं. आईनं डॉक्टरला सांगितलं, "मोठ्यानं डोक्यात हानलं." मीही सांगितलं, हो, मी हाणलं. त्यांनी कानामागं टाके घातले आणि यवतमाळला न्यायला सांगितलं, डोक्याचा फोटो काढावा लागेल म्हणून. सगळे त्याचं डोकंच पाहत होते.

यवतमाळच्या दवाखान्यात हवालदारानं माझं नाव लिहून घेतलं. तिथल्या तरुण डॉक्टरला मी म्हटलं, साहेब, माराचं सोडा, त्यानं माझ्या गोळ्या खाल्ल्यात, त्याचा उतारा द्या. पत्ता दाखवला. त्यानं नाव वाचलं, बॅटरी काढली आणि अंकुरची पापणी वर केली.

"इकडं या, पाहा," म्हणाला. "तुमच्या गोळीनं बाहुली मोठी होते. ही पाहा."

टाचणीच्या टोकाएवढी होती.

"शेतात फवारणी कोण करतं?"

मी म्हटलं, हा.

"केव्हापासून?"

आई म्हणाली, "आठ-नऊ दिस झाले, दिवसभर करते, जी. उपाशी. ह्यानं लावलं त्याले." तिनं माझ्याकडं बोट दाखवलं.

डॉक्टर नर्सला ओरडला. इंजेक्शन, ऑक्सिजन, कपडे काढा, अंग धुवा. नळी त्याच्या घशात घातली. बाजूच्या चारही खाटांवर फवारणीवालेच होते. मी त्यांच्यामधूनच चालत आलो होतो.

१३ सप्टेंबर, बुधवार

फवाऱ्याचं विष उतरवायचं जे इंजेक्शन देतात, त्यानं तोंड कोरडं पडतं, छाती धडधडते, बाहुल्या मोठ्या होतात. डॉक्टर म्हणाले, त्याचं तोंड कोरडं पडलं म्हणजे इंजेक्शन लागू पडतं आहे असं समजा. मी दिवसभर ओल्या कापसाचा बोळा घेऊन त्याच्या ओठाशी बसलो आणि देवाला म्हणत राहिलो, माझी सगळी दुखणी याला दे.

दुपारी तोंड कोरडं पडलं. मी वॉर्डातच मोठ्यानं रडलो.

आज माझ्या दोन्ही गोळ्या वेळेवर घेतल्या. आईनं दिल्या, पाण्यासकट. तोंड उघडून दाखवायला लावलं.

१४ सप्टेंबर, गुरुवार

घशातली नळी काढली. पण त्या इंजेक्शनानं भ्रम होतो. अंकुर उठून पळायला लागला, सलाईन उपटली, एका वॉर्डबॉयच्या तोंडावर लाथ बसली. चौघांनी दाबून धरलं आणि दोन्ही हात पट्ट्यांनी खाटेला बांधले. मग तो ओरडायला लागला.

"दादा, मारू नको! मारतो ना बाकीचा फवारा! मारतो! जेवाले नाही मांगत! मारू नको!"

घसा बसेपर्यंत हेच. शेजारच्या खाटांवरची माणसं, त्यांच्या बाया, सगळे आधी त्याच्याकडं आणि मग माझ्याकडं पाहत होते. एक म्हातारी उठून आली आणि मला म्हणाली, "दादा तूच का रे?" मी हो म्हटलं. ती थुंकली. अंगावर नाही, बाजूला.

संध्याकाळ होती, गोळी उतरायची वेळ. तिला मारावंसं वाटलं. हे लिहिताना माझी मला किळस येते, पण वाटलं.

१६ सप्टेंबर, शनिवार

वैष्णवी आली. माझ्यासाठी नाही, अंकुरसाठी. त्याच्या डोक्यावरून हात फिरवून बराच वेळ बसली. मग मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

मी म्हटलं, माझ्या हातात नव्हतं, गोळीनं झालं. बाईंना विचार, ती उतरताना असं होतं.

ती म्हणाली, "गोयीनं भूक गेली असन, झोप गेली असन, चिडचिड बी झाली असन. पंपाची नयी कोणी उपसली?"

मग तिनं विचारलं, "सकाळची घेतली का नाही, हे तुम्हाले रोज आठवते का?"

मी म्हटलं, नाही आठवलं तर घेऊन टाकतो.  तिनं गोळ्यांचा पत्ता मागून घेतला आणि आपल्या पर्समध्ये टाकला. तिथूनच तिनं मधुवंतीबाईंना फोन लावला आणि मला न विचारता आईकडून कळलेलं सगळं सांगितलं, बैलापासून. बाईंनी गोळी कमी केली आणि मंगळवारी नागपूरला बोलावलं. सोबत घरचं माणूस हवं म्हणाल्या.

"मी येईन म्हणून समजू नका," वैष्णवी म्हणाली. "आईले घेऊन जा."

१८ सप्टेंबर, सोमवार

अंकुर शुद्धीवर आहे. नजर अजून धूसर आहे, पण जगला. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस घरी ठेवला असता तर गेला असता.

आई बाहेर पाणी आणायला गेली होती. मी त्याच्याजवळ स्टुलावर बसलो. त्यानं स्टुलाच्या आवाजावरूनच ओळखलं.

"दादा, तुह्या गोया तूच खात होतास," म्हणाला. आवाज अजून फाटलेलाच आहे. "एकदा न्याहरीच्या आंधी, एकदा न्याहरी झाल्यावर. मी पाहत होतो."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर मारलं असतंस."

 मी विचारलं, "अन् तुले बरं नव्हतं, ते? डोकं दुखत होतं, दिसत नव्हतं, ते तरी सांगायचं ना बे."

त्यानं भिंतीकडं तोंड वळवलं. "तेच."

नर्स पट्ट्या सोडायला आली. आता भ्रम नाही, बांधायची गरज नाही म्हणाली. तिनं एक हात मोकळा केला. मनगटावर लाल वळ उठले होते. मी ते चोळायला हात पुढं केला.

"सिस्टर," अंकुर म्हणाला, "माहे हात सोडून राह्यल्या तर दादाचे बांधा."

वॉर्ड हसला. नर्स हसली. एवढं बोलतो म्हणजे पोरगा बरा झाला, असं कोणीतरी म्हणालं. मीही हसायला तोंड उघडलं आणि त्याच्याकडं पाहिलं. तो हसत नव्हता. मोकळा झालेला हात त्यानं तोंडासमोर आडवा धरला होता.

आई पाण्याची बाटली घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं होतं. आत आली, मला स्टुलावरून उठवलं आणि स्टूल खाटेच्या आणि माझ्या मधोमध ठेवला. मग अंकुरकडं पाठ आणि माझ्याकडं तोंड करून त्यावर बसली.